डोंगरात धावताना हातात काठ्या कशाला? वापरण्याआधी हे शिकून घ्या

आल्प्समधली यूटीएमबी ही शर्यत सुमारे १७० किलोमीटरची. एकूण चढ जवळपास १०,००० मीटर! तिथे बहुतेक धावपटूंच्या हातात ट्रेकिंग पोल दिसतात. अमेरिकेतल्या वेस्टर्न स्टेट्स या १०० मैलांच्या शर्यतीत मात्र पोलवर बंदी आहे.

मग हे पोल करतात काय? चढावर पायांवरचा थोडा भार हात आणि खांद्यांवर घेतात. मेहनत वाचत नाही, वाटली जाते. म्हणूनच सराव नसेल तर पायांआधी खांदेच बोलायला लागतात.

सुरुवात कशी कराल?

उंची: सपाट जागी टोक पायाजवळ टेकवा. कोपर साधारण ९० अंशांत हवं.

पट्टा: हात खालून वर घाला. जोर पट्ट्यावर द्या, मूठ सैल ठेवा.

चढ: डावा पाय, उजवा पोल. टोक पावलाच्या पुढे नको. बाजूला किंवा किंचित मागे टेकवून ढकला. उभ्या चढावर दोन्ही पोल एकत्र टेकवा.

उतार: दगडांत टोक अडकू शकतं. अशा ठिकाणी पट्ट्यातून हात काढा, म्हणजे पडलात तरी हात मोकळा राहील. वेगाने उतरायचं असेल तर पोलची घडीच घाला.

पुण्यात असाल तर सिंहगडाच्या वाटेवर सराव करा. पळता पळता पोल उघडणं आणि मिटणं जमायला हवं. तोवर शर्यतीत नेऊ नका. यूटीएमबीत सुरुवातीला घेतलेले पोल शेवटपर्यंत सोबत बाळगावे लागतात. वापरता आले नाहीत, तर ते नुसतं ओझं!