सुवर्ण एकीचे, लोक दुसरीचे

१९७२ च्या फेब्रुवारीत जपानमधल्या साप्पोरो शहरात हिवाळी ऑलिंपिक भरले. महिलांच्या फिगर स्केटिंगचे सुवर्णपदक ऑस्ट्रियाच्या बेआट्रिक्स शूबाने जिंकले. निकाल नियमांप्रमाणेच होता. तरीही जपानी लोकांच्या तोंडी राहिले ते तिसऱ्या आलेल्या जॅनेट लिन या अमेरिकन मुलीचे नाव. ही लिन तर कार्यक्रमाच्या मध्येच, उडी घेऊन बसत्या गिरकीत जाताना, बर्फावर चक्क आपटली होती. ती हसतच उठली आणि पुढे नाचत राहिली. पुढे जपानी जाहिरातींत ती झळकली. ऑलिंपिक ग्रामातल्या आपल्या खोलीच्या भिंतीवर तिने शांती आणि प्रेमाचा संदेश लिहून ठेवला होता. तोही जपून ठेवला गेला.

हे कसे घडले, ते समजायला तेव्हाची स्पर्धा समजून घ्यावी लागते. निम्मे गुण सक्तीच्या आकृत्यांना असत. खेळाडूने एका पायावर तोल सांभाळत कोऱ्या बर्फावर वर्तुळे, आठचा आकडा आणि ठरावीक वळणे काढायची, मग त्याच रेघेवरून पुन्हा जायचे, असे तीनदा. ठिपके न मांडता, न थांबता, पायाने रांगोळी काढून तीच तीनदा गिरवावी, तसे हे काम. स्केटच्या पात्याच्या तळाला लांबीभर उथळ पन्हळ असते. तिच्यामुळे पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा येतात. आकृती काढताना एका वेळी एकच कड टेकायला हवी. दोन्ही टेकल्या की बर्फावर जोडरेघ उमटते आणि गुण जातात. खेळाडू बाजूला झाली की परीक्षक पुढे येत, ओणवे होऊन रेघा निरखत. तिन्ही फेऱ्या एकमेकींवर किती नेमक्या पडल्या आहेत, वळणाच्या टोकाशी पाते घसरले आहे का, हे सगळे त्या रेघांत वाचता येई.

या विद्येत शूबाच्या तोडीचे तेव्हा कुणीच नव्हते. साप्पोरोत आकृत्यांमध्ये तिने एवढी आघाडी घेतली, की संगीतावरच्या मुक्त कार्यक्रमात सातवी येऊनही ती सुवर्णपदकापर्यंत पोहोचली. मुक्त कार्यक्रमात पहिली आली ती लिन. आणि घरोघरी टीव्हीवर लोकांनी पाहिला तो हाच कार्यक्रम. आकृत्यांचे तासन्‌तास चालणारे संथ काम टीव्हीला परवडणारे नव्हते. सातव्या क्रमांकाच्या नृत्याला सुवर्ण आणि पहिल्या क्रमांकाच्या नृत्याला कांस्य, हे गणित प्रेक्षकांच्या पचनी पडेना. अखेर नियम बदलले. पुढच्याच हंगामापासून शॉर्ट प्रोग्राम, म्हणजे ठरावीक उड्या-गिरक्यांचा छोटा कार्यक्रम, सुरू झाला, आकृत्यांचा वाटा घटत गेला आणि १९९० नंतर मोठ्या स्पर्धांतून त्या हद्दपार झाल्या. लिनने १९७३ मध्ये आइस फॉलीज या व्यावसायिक कंपनीशी तीन वर्षांसाठी साडेचौदा लाख डॉलरचा करार केला. एखाद्या महिला खेळाडूला एवढी रक्कम मिळणे ही त्या काळी अचाट गोष्ट होती.

शूबावर मला अन्याय करायचा नाही. तिचे कौशल्य अस्सल होते. ते पाहणारे डोळे मात्र परीक्षकांपलीकडे फारसे नव्हते.

पदके आणि प्रसिद्धी दोन्ही भरभरून मिळवणारी पहिली खेळाडू म्हणजे नॉर्वेची सोन्या हेनी. १९२४ च्या शामोनी ऑलिंपिकमध्ये अकरा वर्षांची ही पोर आठ जणींत आठवी आली. त्यानंतर १९२८, १९३२ आणि १९३६ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके आणि १९२७ ते १९३६ अशी सलग दहा जगज्जेतेपदे तिने जिंकली. या आकड्यांच्या जवळपास आजवर कुणी महिला एकेरी खेळाडू गेलेली नाही. पण तिच्या पहिल्या जगज्जेतेपदावर सावली आहे. १९२७ ची ती स्पर्धा ऑस्लोत, तिच्याच घरी झाली आणि पाच परीक्षकांपैकी तिघे नॉर्वेचे होते. त्या तिघांनी हेनीला, तर उरलेल्या दोघांनी आधीची पाच वर्षे अजिंक्य राहिलेल्या हेर्मा साबोला पहिला क्रमांक दिला. यानंतर एका देशाचा एकच परीक्षक, असा नियम झाला. पुढे हेनी हॉलिवूडमध्ये गेली, स्वतःचे आइस शो काढले, अमाप पैसा मिळवला. मायदेशात मात्र हिटलरला तिने केलेला सलाम लोक विसरले नाहीत.

अमेरिकेच्या मिशेल क्वानची गोष्ट याच्या अगदी उलट. पाच जगज्जेतेपदे, नऊ राष्ट्रीय विजेतेपदे, आणि ऑलिंपिक सुवर्ण एकही नाही. १९९८ मध्ये नागानोत तिने स्वच्छ, निर्दोष कार्यक्रम केला. पण पंधरा वर्षांच्या तारा लिपिन्स्कीने दोन तिहेरी लूप उड्या लागोपाठ घेतल्या आणि नऊपैकी सहा परीक्षक तिच्या बाजूने गेले. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला शॉर्ट प्रोग्रामनंतर क्वान पहिली होती. मुक्त कार्यक्रमात ती पडली आणि चौथ्या स्थानावरची सारा ह्यूजेस थेट वर आली. क्वानच्या वाट्याला कांस्य आले. त्यानंतरच्या प्रदर्शनात ती सोनेरी पोशाखात उतरली आणि डोळे पुसत लोकांच्या टाळ्या घेतल्या. लिपिन्स्कीने नागानोनंतर लगेच स्पर्धा सोडल्या. क्वान पुढची आठ वर्षे टिकून राहिली, आणि माझ्या मते तिच्या लोकप्रियतेचे मूळ इथेच आहे. प्रेक्षकांनी तिला बालपणापासून पंचविशीपर्यंत दर हिवाळ्यात पाहिले. एका रात्रीच्या विजयाने असे नाते जुळत नाही.

दक्षिण कोरियाची किम यु-ना आणि जपानची माओ असादा यांच्याइतकी चुरस या खेळाने क्वचितच पाहिली असेल. दोघींचा जन्म सप्टेंबर १९९० चा, वीस दिवसांच्या अंतराने. २००५ मध्ये असादाने ग्रां प्रीची अंतिम स्पर्धा जिंकली होती. पण वयोमर्यादेला ८७ दिवस कमी पडल्याने तुरीनच्या ऑलिंपिकला ती जाऊ शकली नाही. २०१० मध्ये व्हँकुव्हरला असादाने तीन ट्रिपल ॲक्सेल मारल्या. ही उडी पुढे तोंड करून घेतात आणि हवेत साडेतीन फेऱ्या पुऱ्या करून पाठमोरे उतरतात. एका स्पर्धेत तीन, हे कोणत्याही स्त्रीने तोवर केले नव्हते. तरी किमने २२८.५६ गुण मिळवून तिला तेवीस गुणांनी मागे टाकले. बर्फाची मैदाने हाताच्या बोटांवर मोजावीत अशा देशातून आलेली ही मुलगी. मायदेशी तिला 'राणी यु-ना' म्हणतात. २०१४ मध्ये सोचीत तिला रौप्य मिळाले, तेव्हा त्या निकालाच्या चौकशीसाठी इंटरनेटवर दहा लाखांहून अधिक सह्या जमल्या.

त्याच सोचीत असादा शॉर्ट प्रोग्राममध्ये सोळाव्या स्थानावर फेकली गेली. पदक संपले होते. दुसऱ्या दिवशी ती उतरली, पहिलीच ट्रिपल ॲक्सेल साधली आणि एकामागून एक तिहेरी उड्या घेत गेली. संगीत थांबताच तिला रडू आवरेना. १४२.७१ गुण मिळवून ती सहावी आली. जपानमध्ये त्या चार मिनिटांबद्दल लोक आजही ज्या आपुलकीने बोलतात, ती अनेक सुवर्णपदकांच्याही नशिबी आलेली नाही.

सगळ्यांत मोठी कोण, असे कुणी विचारलेच तर आकड्यांनी हेनी, आणि माझ्या पसंतीने किम. स्पर्धात्मक कारकिर्दीत ती ज्या ज्या स्पर्धेत उतरली, तिथून पदकाशिवाय परतली नाही, आणि तिच्यावर लोकांचे प्रेमही तेवढेच. या खेळाशी ओळख नसलेल्या वाचकाने मात्र सुरुवात लिनच्या साप्पोरोतल्या आणि असादाच्या सोचीतल्या कार्यक्रमापासून करावी. दोन्हींच्या चित्रफिती इंटरनेटवर सापडतात. आणि जमल्यास शूबाच्या आकृत्यांचीही एखादी चित्रफीत शोधून पाहावी.