बोंडअळीने कुलूप बदलले!

पूर्णा-नांदेड लोहमार्गावर चुडावा नावाचे लहानसे स्थानक आहे. परभणी जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा हा काळ्या मातीचा मुलूख. कापूस येथे पिढ्यान्‌पिढ्यांचा. 'नांदेड ४४' हा एकेकाळी गावोगाव पोचलेला संकरित वाण जेथे तयार झाला, ते परभणीच्या कृषी विद्यापीठाचे नांदेडचे कापूस संशोधन केंद्रही येथून जवळच. या पट्ट्यात गुलाबी बोंडअळीचे नाव काढले, की शेतकऱ्याच्या कपाळावर आठी पडते. ही अळी पुन्हा शिरजोर कशी झाली? याचे उत्तर केवळ शेतीशास्त्रात सापडत नाही. एक रेणू दुसऱ्या रेणूला कसा ओळखतो, हे सांगणाऱ्या रसायनशास्त्रातही ते शोधावे लागते.

रेणूला डोळे नसतात. त्याची ओळख पटते ती आकारावरून. विकर आणि त्याला हवा असलेला पदार्थ हे कुलूप-किल्लीसारखे जुळतात, ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये मांडली. १९६७ मध्ये चार्ल्स पेडरसन यांनी मुकुटासारखे कड्याचे रेणू प्रसिद्धीस आणले. त्यांतील एका कड्यात पोटॅशियमचा भारित कण नेमका बसतो. लहान सोडियम तितका घट्ट बसत नाही. पेडरसन, डोनाल्ड क्रॅम आणि जाँ-मारी लेन यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कामासाठी. या जोड्या पक्क्या रासायनिक बंधाने बांधलेल्या नसतात. आकार जुळला, की लहान लहान आकर्षणे एकवटतात आणि दोन रेणू एकमेकांना धरून ठेवतात. आकार बिघडला, की पकड सुटते.

बीटी कापसाची सारी मदार अशाच एका पकडीवर आहे. भारतात या कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक या झाडात घातलेले असते. त्यामुळे झाडात तयार होणारे प्रथिन अळीच्या आतड्यात जाते, तेथील पेशींवरच्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला पकडते आणि मग पेशींना भोके पडून अळी मरते. माणसाच्या आतड्यात हे कुलूप नाही. म्हणून ही किल्ली आपल्याला लागू पडत नाही.

पण लाखो अळ्यांत एखादीचे कुलूप जन्मतःच वेगळे असते. बाकीच्या मरतात, ती जगते आणि तिचाच वंश वाढतो. पहिल्या प्रथिनाला गुलाबी अळी दाद देत नसल्याचे २०१० मध्ये गुजरातेतून जाहीर झाले. भारतातील अशा अळ्यांच्या कॅडहेरिनच्या जनुकात बिघाड आढळले. २००६ पासून बियाण्यात दुसरी किल्लीही आली होती. पुढे तीही निकामी ठरली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील बोंडे आतून पोखरली गेली.

अमेरिकन बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही जगते. गुलाबी अळीचा संसार मात्र जवळजवळ सारा कापसावर. म्हणूनच बीटीभोवती बिगर-बीटी कापसाच्या ओळी लावायच्या होत्या. त्यांवर जुन्या कुलपाचे पतंग वाढले आणि त्यांचा संकर नव्या कुलपाच्या पतंगांशी झाला, तर पिल्लांत कुलपाची एक प्रत शाबूत राहते आणि ती विषाला बळी पडतात. बियाण्याबरोबर मिळणारी ती वेगळी पुडी पुष्कळदा बांधावर पोचलीच नाही. दोन-चार ओळींचे उत्पन्न कोण सोडणार? हिशेब एका शेतापुरता बरोबर होता, शिवारापुरता चुकला.

मग फवारणी वाढली. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. मोनोक्रोटोफॉससारखी औषधे किडीच्या मज्जासंस्थेतील ज्या विकराला चिकटतात, ते विकर माणसातही आहे. ही किल्ली कीड आणि माणूस असा भेद करीत नाही.

भेद करणारी एक किल्ली मात्र अजून हाताशी आहे. मादी पतंगाच्या गंधाची रचना १९७३ मध्ये उलगडली. सोळा कार्बनच्या साखळीचे दोन रेणू, साधारण समप्रमाणात. दोघांत अणू तेच, तेवढेच. फरक केवळ एका ठिकाणच्या वळणाचा. नराच्या मिशांना तो फरक कळतो! कामगंध सापळ्यात हाच गंध असतो. एकरी दोन सापळे लावावेत आणि सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले, तर उपायाची वेळ आली असे समजावे, अशी शिफारस आहे. सापळा शेतकऱ्याला फवारणी कधी करायची आणि कधी टाळायची, हे दोन्ही सांगतो.

त्यापुढचे काम प्रयोगशाळेचे नव्हे, गावाचे आहे. डोमकळ्या वेचून नष्ट करणे, फरदड न घेणे, हंगाम संपताच पऱ्हाट्या शेतात न ठेवणे. अळीला चार-पाच महिने कापूसच मिळाला नाही, तर कुलूप कोणतेही असो, तिची साखळी तुटते. मात्र एकाने फरदड ठेवली, तरी शेजारच्या दहा जणांची मेहनत वाया जाते. नवी किल्ली येईल तेव्हा येईल; तीही सगळ्यांनी सगळीकडे एकटीच वापरली, तर अळी पुन्हा कुलूप बदलेल.