दप्तर कुणाच्या काखेत

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातलं चकलांबा हे गाव. माधवराव पेशव्यांनी १७६३ मध्ये निजामाचा पराभव केला ते राक्षसभुवन याच तालुक्यातलं. पण लढाई जिंकली म्हणून मुलूख सुटला नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत इथला कारभार हैदराबादचाच होता.

त्या कारभारात गावाला तीन धनी असत. वसुलीला माली पाटील, बंदोबस्ताला पोलीस पाटील आणि लिहायला पटवारी. खरा वजनदार तिसराच. दप्तर त्याच्या काखेत, त्यातला मजकूर उर्दूत किंवा मोडीत, आणि सालं फसली, म्हणजे महसुली कालगणनेची. ज्याची जमीन, त्यालाच आपला कागद वाचता येत नसे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा हेच बस्ते पुन्हा सोडावे लागले आणि उर्दू-मोडी जाणणाऱ्यांना अचानक मान आला.

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. मग १९५८ चा ग्रामपंचायत कायदा, १ मे १९६२ ला जिल्हा परिषद. वंशपरंपरागत पाटीलकी गेली, पटवाऱ्याचा तलाठी झाला, शेजारी ग्रामसेवक आला. सरपंच गावाचा, सही त्याची, पण कुठला कागद कुठं जातो हे ग्रामसेवकाला आणि गुत्तेदाराला ठाऊक! २०२४ मध्ये तलाठी ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाला, ग्रामसेवक ‘ग्रामपंचायत अधिकारी’. पाट्या तेवढ्या बदलल्या.

७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतीत बायकांना तिसरा हिस्सा, २०११ पासून निम्म्या जागा. कितीक ठिकाणी खुर्चीवर बाई आणि बोलायला सरपंचपती, हे या भागात नवं नाही. लोकांनी थेट निवडलेला सरपंच २०१७ ला आला, २०२० ला गेला, २०२२ ला परत आला. त्याच २०२२ च्या मार्चमध्ये बीड जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि तिथं प्रशासक बसला. म्हणजे खाली सरपंचाला थेट कौल, वर सदस्यच उरले नाहीत.

मला मात्र या भागातलं सगळ्यात मोठं कोडं वाटतं ते ग्रामसभेचं. ठरल्या दिवसांतला एक २६ जानेवारी. दिवाळीच्या आगेमागे कोयते घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांवर गेलेल्या असतात, त्या गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. मागं म्हातारीकोतारी आणि शाळेची पोरं. गणपूर्तीला शंभर मतदार किंवा पंधरा टक्के, जे कमी असेल ते. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.

ती भरते. ठराव होतात. दप्तर मिटतं.