कंटेनरची भिंत कुठे फुटते? रनसीमधील दोन त्रुटी

कंटेनर म्हणजे स्वतंत्र संगणक नव्हे. व्हर्च्युअल मशीनला स्वतःचा कर्नल असतो. एका यजमान यंत्रावरचे सर्व लिनक्स कंटेनर मात्र सहसा एकच कर्नल वापरतात. नेमस्पेस प्रत्येकाला काय दिसावे ते ठरवते, तर सीग्रुप किती संसाधने वापरावीत ते. ही मांडणी करून कंटेनर सुरू करणारा छोटा प्रोग्राम म्हणजे रनसी. डॉकर आणि अनेक कुबरनेटीस यंत्रणा त्याच्यावरच उभ्या आहेत, त्यामुळे त्यातली चूक सर्वांनाच भोवते.

🔴 २०१९ (सीव्हीई-२०१९-५७३६): कंटेनरमध्ये रूट अधिकार असलेला हल्लेखोर '/प्रॉक/सेल्फ/एक्सई' या दुव्यातून यजमानावरची रनसीची फाईलच बदलू शकत असे. पुढच्या वेळी रनसी चालले की हल्लेखोराचा कोड यजमानावर रूट म्हणून चालायचा. उपाय म्हणून रनसी स्वतःची सुरक्षित प्रत तयार करून तीच चालवू लागले.

🔴 २०२४ (सीव्हीई-२०२४-२१६२६): यजमानाच्या डिरेक्टरीचा एक फाईल डिस्क्रिप्टर चुकून उघडा राहत होता. इमेजमध्ये कार्यरत डिरेक्टरी म्हणून त्याचाच मार्ग दिला, की कंटेनरमधील प्रक्रियेला यजमानाची फाईलप्रणाली खुली होई. आवृत्ती १.१.१२ मध्ये ही त्रुटी दूर झाली.

✅ बचावाचे मार्ग:
• रनसी आणि कर्नल वेळच्या वेळी अद्ययावत करणे
• कंटेनरमधील प्रोग्राम रूटऐवजी सामान्य वापरकर्त्याच्या नावाने चालवणे
• यूजर नेमस्पेस, सेककॉम्प आणि एसईलिनक्स चालू ठेवणे
• खात्रीच्या स्रोताच्याच इमेज वापरणे
• 'प्रिव्हिलेज्ड' पर्याय आणि कंटेनरमध्ये डॉकर सॉकेट जोडणे टाळणे