लंडनला प्रथमच जाताय? खिडकीशी बसून राहू नका!



आपल्या शाळेत शिकलेली कितीतरी मुले आज परदेशात नोकरी करीत आहेत. त्यांचे आई-वडील, आजी-आजोबा अधूनमधून त्यांच्याकडे जाऊन येतात. परत आल्यावर मी विचारते, "काय काय पाहिले?" पुष्कळदा उत्तर मिळते, "शनिवार-रविवारी मुलाने दाखवले तेवढे. बाकी दिवस खिडकीशी बसून काढले."

मी हसू शकत नाही, कारण मे २०२३ मध्ये मुलीकडे लंडनला गेले तेव्हा माझाही पहिला आठवडा असाच गेला. मुलगी आणि जावई सकाळी कामावर जात. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले. इंग्रजी वाचता येते, पण बोलताना जीभ अडखळते. वाट चुकले तर कोणाला आणि कसे विचारायचे, हीच धास्ती. आठव्या दिवशी धीर करून एकटी निघाले, चुकले आणि सुखरूप घरी आले. त्यानंतर जे शिकले ते येथे देत आहे.

निघण्यापूर्वी

युरोपातील बऱ्याच देशांत चालणारा शेंगेन व्हिसा ब्रिटनमध्ये चालत नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. प्रवास विमा अवश्य घ्या, कारण पाहुण्यांना तेथील रुग्णालयातील उपचारांचा खर्च भरावा लागतो. रोजची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा.

आता आजी मंडळींसाठी महत्त्वाची गोष्ट. भारतातून दूध व दुधाचे पदार्थ तेथे नेण्यास मनाई आहे. म्हणजे घरचे तूप, पेढे, खवा, श्रीखंड हे सगळे इथेच ठेवायचे. ताजा कढीपत्ताही नको. चटण्या, मसाले, पापड न्यावेत.

तेथील विजेच्या बटणाला तीन चपट्या पिनांचा प्लग लागतो. तो इथूनच घेऊन जा. कोणी नातेवाइकांनी जुने पौंड दिले तर नोटा तपासा. २० आणि ५० पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानांत चालत नाहीत. आता सर्व नोटा प्लास्टिकसारख्या पॉलिमरच्या आहेत.

एक कार्ड, सारे शहर

लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. ऑयस्टर नावाचे कार्ड किंवा बँकेचे 'टॅप' करण्याचे कार्ड लागते. आपले भारतीय कार्ड न्यायचे असेल तर परदेशातील वापर बँकेकडून आधी सुरू करून घ्या आणि त्यावर किती आकार लागतो तेही विचारा.

भुयारी रेल्वेत आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा गोल पिवळ्या यंत्राला कार्ड लावायचे. बाहेर पडताना विसरलात तर जास्तीत जास्त भाडे कापले जाते. बसमध्ये मात्र फक्त चढतानाच लावायचे. पहिल्या बसपासून एका तासाच्या आत दुसरी बस घेतली तर तिचे वेगळे भाडे पडत नाही. दिवसभरात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पैसे कापले जात नाहीत, पण त्यासाठी दिवसभर एकच कार्ड वापरले पाहिजे. प्रत्येक माणसाचे कार्ड स्वतंत्र हवे. अकरा वर्षांखालील मुले मोठ्यांबरोबर बसने आणि भुयारी रेल्वेने फुकट प्रवास करतात.

सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहा. डावी बाजू घाईने चालणाऱ्यांची असते.

नकाशा वाचायला शिका

जगातील पहिली भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी लंडनमध्येच सुरू झाली. तिचा आजचा नकाशा हॅरी बेक या आराखडे काढणाऱ्या माणसाच्या कल्पनेवर आधारलेला आहे आणि तो प्रथम १९३३ मध्ये छापला गेला. त्याने विचार केला की जमिनीखालच्या प्रवाशाला खरे अंतर कळून काय उपयोग? त्याला फक्त स्टेशनांचा क्रम आणि गाडी कुठे बदलायची एवढेच हवे. म्हणून त्याने सरळ रेषा काढल्या.

नकाशा सोपा झाला, पण अंतराच्या बाबतीत फसवतो. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही दोन स्टेशने नकाशात दूर दिसतात, प्रत्यक्षात त्यांच्यात सुमारे २६० मीटर अंतर आहे. राजवाड्याहून सराफ्यात जायला आपण रिक्षा करतो का? तसेच तेथेही पायी चालावे.

विमानतळावरून शहरात येण्यासाठी हीथ्रोहून गडद निळ्या रंगाची पिकॅडिली लाइन आहे. २०२२ मध्ये सुरू झालेली जांभळी एलिझाबेथ लाइन अधिक वेगवान आहे, भाडे मात्र जास्त.

माझी चूक

मला किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर पाहायचे होते. आपल्या इंदूरजवळच्या महूमध्ये १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना याच घरात राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले आणि तेथे स्मारक केले.

जवळचे स्टेशन चॉक फार्म. नकाशात काळी रेघ, म्हणजे नॉर्दर्न लाइन. काळी रेघ पाहिली आणि गाडीत बसले. पण कॅम्डन टाउननंतर या मार्गाला दोन फाटे फुटतात हे लक्षात आले नाही. पुढचे स्टेशन आले केंटिश टाउन! छातीत धस्स झाले. उतरले आणि तेथील कर्मचाऱ्याला फक्त दोनच शब्द म्हणाले, "चॉक फार्म?" त्याने हसून उलट दिशेचा फलाट दाखवला, एक बोट वर केले, म्हणजे एक स्टेशन मागे, आणि सांगितले की तेथून 'एजवेअर'ची गाडी घ्या. थोड्याच वेळात मी त्या घरासमोर उभी होते.

आपल्या महूचा मुलगा शंभर वर्षांपूर्वी याच रस्त्याने चालत शिकायला जात असेल, असे मनात आले आणि माझी भीती मलाच फार लहान वाटू लागली.

धडा हा की नुसता रंग पाहू नका, गाडी शेवटी कुठे जाणार हे फलाटावरील पाटीवर वाचा. आणि विचारताना पूर्ण वाक्याची गरज नाही. व्याकरणाचे गुण आम्ही शाळेत मोजतो, तेथे कोणी मोजत नाही. घराचा पत्ता, जवळचे स्टेशन आणि मुलांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी मात्र खिशात ठेवा. संकटकाळी क्रमांक ९९९.

कमी खर्चात काय पाहावे

ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी आणि साउथ केन्सिंग्टन येथील विज्ञान, निसर्ग व कला या विषयांची तिन्ही संग्रहालये यांना प्रवेशशुल्क नाही. काही खास प्रदर्शनांना तिकीट असते. कलेच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आपली मंडळी वाघनखे शोधतात. ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या करारावर महाराष्ट्रात प्रदर्शनासाठी आली. ती शिवरायांचीच आहेत याचा निश्चित पुरावा नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. कोहिनूर मात्र टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे आणि तेथे तिकीट लागते.

वॉरविक अव्हेन्यू स्टेशनजवळ १० हाउली प्लेस येथे लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहिले होते. तशी निळी पाटी त्या घरावर आहे. मराठी बोलायची फारच ओढ लागली तर डॉलिस हिल भागात १९३२ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक गणित

शून्य अंश रेखावृत्त लंडनच्या ग्रीनिचमधून जाते. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरची. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून ८२.५ भागिले १५ बरोबर साडेपाच तास. पण मार्चच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. म्हणून उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचाच राहतो. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. एकट्याने फिरायला शिकायचे तर मे ते सप्टेंबर हे महिने बरे. छत्री आणि स्वेटर तेव्हाही जवळ असू द्या.

शेवटी एक विनंती

परदेशातील आपल्या मुलांना हा लेख जरूर वाचून दाखवा. आई-बाबा आले की पहिल्या रविवारी त्यांना हात धरून फिरवू नका. कार्ड त्यांच्या हाती द्या, त्यांना पुढे चालू द्या आणि तुम्ही मागून चला. चुकले तर चुकू द्या, एक स्टेशन मागे यायला कितीसा वेळ लागतो?

आणि विद्यार्थ्यांनो, तुमचे आजी-आजोबा जाणार असतील तर आजच नकाशा घेऊन त्यांच्याजवळ बसा. हीथ्रोपासून घरापर्यंतची स्टेशने त्यांच्याकडून बोट ठेवून म्हणवून घ्या. हा या सुट्टीतला गृहपाठ समजा.

सर्वांना प्रवासाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

— मुख्याध्यापिका