दोन थरांमधली लाल माती

सहावीच्या भूगोलात खडकांचा पाठ आहे. त्यात अग्निज, स्तरित आणि रूपांतरित असे तीन प्रकार येतात. थर म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे स्तरित खडकच येतो: पाण्याच्या तळाशी साचलेला गाळ, त्यात दबलेला मासा किंवा शिंपला. चिखलीच्या पोरानं तसा खडक शोधायला निघावं, तर कोसच्या कोस त्याच्या पायाखाली बेसॉल्टच लागतो. थंड झालेला लाव्हा. मग इथल्या मुलांना थर दाखवायचे कुठले?

माझ्यापुरतं उत्तर ठरलेलं आहे. फेब्रुवारी-मार्चात कुणाच्या ना कुणाच्या वावरात विहिरीचं काम चालू असतं. मालकाला विचारून, काम बंद असेल ती वेळ गाठून सातवीचा वर्ग तिथं न्यायचा. कठडा नसलेल्या विहिरीच्या तोंडाशी मी मुलांना जाऊ देत नाही. बघायचं ते बाहेर टाकलेल्या ढिगाऱ्यात. मालक धुऱ्यावर बसून सांगतात आणि मुलं वहीत लिहून घेतात: वर काळी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. त्याच्याही खाली कुठं वीतभर, कुठं हात-दीड हात जाडीचा लाल गेरूसारखा पट्टा आणि पुन्हा मांजऱ्या. या मुलांपैकी काहींचे वडील, आजोबा विहिरी फोडणारे. ही नावं त्यांना पुस्तकाआधी घरात भेटलेली असतात, आणि त्या दिवशी वर्गातला हुशार कोण हा हिशेब पार बदलतो.

यादी लिहून झाली की मी मुलांना ढिगाऱ्याकडे पाठवतो. थोड्या वेळात कुणीतरी ओरडतंच, "सर, इथं उलटं आहे! काळी माती खाली अन् पाषाण वर." हेच मला हवं असतं. आधी खणलं ते आधी टाकलं, म्हणून ते खाली गेलं. जमिनीतही तसंच: खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. निकोलस स्टेनो यानं १६६९ साली इटलीतले डोंगर बघून हा नियम मांडला. चिखलीची मुलं तो दहा मिनिटांत स्वतः मांडतात.

खरी अडचण पुढे आहे. कुठल्या थराला जास्त काळ लागला, असं विचारलं की सगळा वर्ग काळ्या पाषाणाकडे बोट दाखवतो. जाड थर म्हणजे जास्त वर्षं, असंच त्यांना वाटतं. प्रत्यक्षात लाव्हाचा एक लोट पसरून निवायला माणसाच्या आयुष्याच्या मापातला काळ पुरतो. त्यातले वायूचे बुडबुडे वर चढून अडकतात, म्हणून वरचा भाग जाळीदार होतो आणि पुढे त्या पोकळ्यांत पाण्यानं आणलेली खनिजं बसतात. मुलं खिसे भरून नेतात ते पांढरे चमकते खडे हेच. मग उद्रेक थांबतो. पाऊस, ऊन आणि हवा यांनी खडकाचा वरचा भाग कुजतो, त्यातलं लोखंड गंजतं आणि माती तयार होते. याला हजारो वर्षं जातात. त्यावर पुन्हा लाव्हा येतो आणि ती माती भाजून दोन थरांत बंद होते. सुरुंग लावून फोडावा लागणारा पाषाण काही वर्षांचा, आणि चिमटीत चुरा होणारी लाल माती हजारो वर्षांची. काळ मोठा असतो तो या थांबण्यात. एवढी गोष्ट मुलांना कळली, तर व्याख्या चुकल्या तरी मला चालतं.

आकड्यांसाठी मैदानावर ४६ मीटर लांब दोर ताणतो. एक मिलिमीटर म्हणजे एक लाख वर्षं. पृथ्वीचं वय झालं ४६० कोटी. डायनोसॉर शेवटाकडून २ मीटर ३० सेंटिमीटरवर येतात आणि ६६ सेंटिमीटरवर संपतात. आपला काळा पाषाण त्याच ६६ सेंटिमीटरच्या आसपास आहे. डायनोसॉर संपले त्यात मेक्सिकोत पडलेल्या अशनीचा वाटा किती आणि आपल्या लाव्हाचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात, हेही मी सांगतो. मग कुणी विचारतं, "सर, जिजाऊ कुठं?" सिंदखेड राजा आपल्याच जिल्ह्यातलं, जन्म १५९८चा. एका मिलिमीटरचे अडीचशे भाग केले, तर त्यातला जेमतेम एक. वर्ग गप्प होतो आणि मी त्यांना तसंच राहू देतो.

"पण हे मोजलं कुणी?" हा प्रश्न येतोच, आणि तो टाळणं म्हणजे अख्खा धडा वाया घालवणं. खडकातल्या पोटॅशियमचा काही भाग ठरलेल्या गतीनं बदलून आर्गॉन वायू होतो. निम्मा संपायला १२५ कोटी वर्षं लागतात. किती उरलं आणि आर्गॉन किती साचला, यावरून वय निघतं. याच पद्धतीनं २०११ साली लोणारच्या विवराचं वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं काढलं गेलं. त्याआधी दुसऱ्या एका पद्धतीनं ते ५२ हजारांच्या घरात आलं होतं. दोन्ही आकडे मी फळ्यावर लिहितो. आपल्या दोरावर लोणार येतं शेवटून सहा मिलिमीटरच्या आत.

आणि लोणारच्या काठावर स्टेनोचा नियम डोळे झाकून लावता येत नाही. अशनी आदळला तेव्हा काठाचे थर वर उचलले गेले, काही ठिकाणी बाहेरच्या बाजूला पार पालथे झाले. म्हणजे तिथं जुना खडक नव्याच्या वर सापडू शकतो. सहलीच्या आधी मी वर्गाला एकच प्रश्न देतो: पालथा पडलेला थर ओळखायचा कसा? मागच्या वर्षी एका मुलीनं वहीत लिहिलं, "मांजऱ्या खाली अन् पाषाण वर दिसला, तर मधे लाल माती आहे का ते बघायचं. लाल माती असली तर ते दोन वेगळे लोट, थर सरळच आहे. नसली अन् पाषाण तसाच मांजऱ्या होत गेला, तर एकच लोट उलटा पडला."