ई-रीडर, टॅबलेट की छापील पुस्तक? भंडाऱ्यातल्या वाचकाने पैसे नेमके कशावर खर्च करावेत?

डिजिटल डेस्क, भंडारा : सणासुदीचे ऑनलाइन सेल सुरू झाले की मोबाइलवर ई-रीडर आणि टॅबलेटच्या जाहिराती दिसू लागतात. वाचनाची आवड असलेल्या घरात मग प्रश्न निघतो : ई-रीडर घ्यावा, त्याच पैशांत टॅबलेट घ्यावा, की तेवढ्या रकमेची पुस्तकेच आणावीत? पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी या प्रश्नाचे उत्तर वेगळे आणि तुमसर, पवनी किंवा लाखांदूरच्या वाचकासाठी वेगळे असू शकते. इथे पुस्तकांचे मोठे दुकान गाठायचे तर अनेकदा नागपूरला जावे लागते, उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि बहुतेकांना वाचायचे असते ते मराठी. म्हणूनच खरेदीआधी हे मुद्दे समजून घ्या.

ई-रीडर आणि टॅबलेट यांत फरक काय?

दोन्ही दिसायला सारखे असले तरी पडद्याचे तंत्र पूर्ण वेगळे आहे. टॅबलेटचा पडदा मोबाइलसारखा स्वतः प्रकाश बाहेर फेकतो. ई-रीडरमध्ये ‘ई-इंक’ असते. त्याच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे पांढरे व काळे कण असतात. विजेचा दाब दिला की हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटते. एकदा उमटलेले अक्षर टिकवायला वीज लागत नाही. वीज खर्च होते ती मुख्यतः पान उलटताना आणि दिवा लावल्यास. म्हणून ई-रीडरचे चार्जिंग काही आठवडे पुरते, टॅबलेटचे काही तास.

ई-इंक कागदाप्रमाणे बाहेरचा उजेड परावर्तित करते, त्यामुळे अंगणात भर उजेडातही अक्षर स्पष्ट दिसते. टॅबलेट तिथे आरसा होतो. मात्र ई-इंकचा पडदा संथ असतो. त्यावर व्हिडिओ किंवा मुलांचा ऑनलाइन अभ्यास नीट होत नाही. कादंबरी वाचताना व्हॉट्सअॅपचा संदेश मध्येच टपकत नाही, हा त्याचा फायदाही आहे.

मराठी पुस्तके कुठे मिळतात?

उपकरण घेण्याआधी हा प्रश्न विचारायला हवा. अॅमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील ई-पुस्तके आणली. बुकगंगावरही मराठी ई-पुस्तके विकत मिळतात. ई-साहित्य प्रतिष्ठान मराठी ई-पुस्तके मोफत देते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने संकेतस्थळावर मोफत पीडीएफ स्वरूपात आहेत. मुलांसाठी नॅशनल बुक ट्रस्टचे ‘राष्ट्रीय ई-पुस्तकालय’ आहे.

जुन्या साहित्याबाबत कायदा वाचकाच्या बाजूने आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, त्यामुळे त्यांचे लेखन २०११ पासून मुक्त आहे. हरि नारायण आपटे यांचे तर त्याच्या कितीतरी आधी. अशी पुस्तके मराठी विकिस्रोतसारख्या ठिकाणी कायदेशीररीत्या मोफत वाचता येतात.

उलट बाजूही आहे. अनेक गाजलेल्या मराठी पुस्तकांची ई-आवृत्ती आजही नाही. झाडीबोलीतले साहित्य बहुधा लहान प्रकाशकांकडून, मोजक्या प्रतींत निघते. ते ई-दुकानात सापडेलच असे नाही. म्हणून एक साधी चाचणी करा. पुढच्या वर्षभरात वाचायची दहा पुस्तके कागदावर लिहा आणि ती ई-स्वरूपात आहेत का, ते मोबाइलवर शोधा. सहा-सातपेक्षा कमी मिळाली, तर ई-रीडरचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

पीडीएफ वाचायची असेल तर?

इथे अनेकांची फसगत होते. मोफत मिळणारी बरीच जुनी मराठी पुस्तके म्हणजे छापील पानांचे स्कॅन असते. त्यात अक्षर मोठे करता येत नाही, अख्खे पानच मोठे करावे लागते.

हिशेब सोपा आहे. नेहमीच्या मराठी कादंबरीचे पान साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच असते. सहा इंची ई-रीडरचा पडदा प्रत्यक्षात सुमारे ३.६ बाय ४.८ इंच भरतो. पूर्ण पान त्यावर बसवले की अक्षर मूळच्या ५६ टक्के उरते. वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे ओळखताना डोळे ताणावे लागतात. दहा इंची टॅबलेटवर तेच पान जवळजवळ मूळ आकारात दिसते. म्हणजे स्कॅन केलेली पीडीएफ वाचणाऱ्यासाठी टॅबलेट सरस. मजकूर पडद्यानुसार जुळवून घेणारी ‘ईपब’ किंवा किंडल स्वरूपातील पुस्तके वाचणाऱ्यासाठी ई-रीडर सरस.

पैशांचा हिशेब कसा मांडायचा?

२०२५ मध्ये भारतात आलेल्या किंडल पेपरव्हाइटची किंमत १६,९९९ रुपये होती. समजा, तुम्ही नेहमी घेता त्या छापील पुस्तकापेक्षा ई-पुस्तक सरासरी १२० रुपयांनी स्वस्त पडते. तर उपकरणाचे पैसे वसूल व्हायला सुमारे १४० पुस्तके विकत घ्यावी लागतील. महिन्याला एक पुस्तक घेणाऱ्याला त्यासाठी जवळपास १२ वर्षे लागतात, आठवड्याला एक घेणाऱ्याला तीन वर्षांपेक्षा थोडे कमी. ग्रंथालयातून पुस्तके आणणाऱ्याचे पैसे वसूल होतच नाहीत. बचतीसाठी ई-रीडर घ्यायचा असेल, तर तो खूप वाचणाऱ्यालाच परवडतो.

टॅबलेटचे गणित वेगळे, कारण तो घरात इतर कामांनाही येतो. आणि सुरुवातीला नवे काहीच घ्यायची गरज नाही. किंडलचे अॅप मोबाइलवर मोफत चालते आणि त्यासाठी किंडल उपकरण लागत नाही. आधी मोबाइलवर दोन पुस्तके पूर्ण होतात का ते पाहा.

छापील पुस्तक घरी मागवणाऱ्यांनी टपाल खात्याकडेही लक्ष द्यावे. पुस्तकांसाठीची जुनी सवलतीची नोंदणीकृत सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली. तिचे दर सुरू होताना ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असे होते. मित्रमंडळींनी मिळून एकाच पार्सलमध्ये पुस्तके मागवली तर खर्च बराच वाटला जातो.

डोळे, झोप आणि लक्ष यांचे काय?

अमेरिकेत १२ जणांवर झालेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी चार तास प्रकाशमान टॅबलेटवर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सुमारे दहा मिनिटे जास्त लागली. झोपेशी संबंधित मेलाटोनिन हे संप्रेरकही कमी झाले. प्रयोग लहान होता आणि पडद्याची चमक पूर्ण ठेवलेली होती. तरीही रात्री वाचणाऱ्यांनी चमक कमी ठेवावी, हा धडा त्यातून घेता येतो. ई-रीडरचा दिवा पडद्याच्या कडेला असतो, तो मंद करता येतो किंवा बंदही.

आकलनाबाबत २०१८ मध्ये आलेला आढावा महत्त्वाचा आहे. त्यात ५४ अभ्यास आणि १ लाख ७० हजारांहून अधिक सहभागींची माहिती एकत्र तपासली गेली. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, विशेषतः वेळेची मर्यादा असेल तेव्हा, असे दिसले. केवळ कथात्मक मजकुरात मात्र असा फरक आढळला नाही. म्हणजे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास शक्यतो कागदावर करा. कथा-कादंबरी पडद्यावर वाचली म्हणून कमी समजेल, ही भीती नको.

विकत घेतलेले ई-पुस्तक तुमचे असते का?

पूर्णपणे नाही. बहुतेक ठिकाणी आपण पुस्तक नव्हे, तर ते वाचण्याचा परवाना विकत घेतो. २००९ मध्ये अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढली होती, विक्रेत्याकडे हक्क नव्हते म्हणून. पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अॅमेझॉनने विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून यूएसबीने किंडलमध्ये टाकण्याची सोय काढून घेतली. छापील पुस्तक मात्र शेजाऱ्याला देता येते, लेकीबरोबर पाठवता येते, ग्रंथालयाला भेट देता येते.

ऊन, पाऊस आणि पूर

अनेक टॅबलेट व ई-रीडर ० ते ३५ अंश तापमानात वापरण्यासाठी बनवलेले असतात. आपल्याकडचा मे महिना या मर्यादेत बसत नाही. बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत उपकरण ठेवू नका, बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते.

कागदाचे शत्रू वेगळे आहेत : ओल, वाळवी आणि पाणी. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचे पाणी भंडारा शहराच्या वस्त्यांत शिरले होते. नदीकाठच्या घरांनी पुस्तके खालच्या फळीवर ठेवू नयेत. ई-पुस्तक पुरात उपकरणासह गेले तरी खात्यातून पुन्हा उतरवता येते.

चौथा पर्याय : गावातले ग्रंथालय

या तुलनेत ग्रंथालय नेहमी विसरले जाते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा आहे आणि शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळते. वर्ग ठरताना पुस्तकांबरोबर सभासदसंख्याही पाहिली जाते. म्हणजे तुमच्या एका वर्गणीने तुम्हाला पुस्तके मिळतात आणि ग्रंथालयाची बाजूही भक्कम होते. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच असलेले नवेगावबांध, जे आता गोंदियात आहे, राज्याच्या ‘पुस्तकांचं गाव’ विस्तारात निवडले गेले होते. छापील वाचनाला या भागात मागणी नाही, असे समजण्याचे कारण नाही.

मग कोणी काय घ्यावे?

• महिन्याला एक-दोन पुस्तके : ग्रंथालयाची वर्गणी आणि निवडक छापील पुस्तके. उपकरणाची गरज नाही.
• महिन्याला चार किंवा अधिक, मराठीबरोबर इंग्रजीही, भंडारा रोड ते नागपूर असा रोजचा प्रवास : ई-रीडर.
• जुनी स्कॅन केलेली पुस्तके, दिवाळी अंक, मुलांचा अभ्यास : दहा इंची टॅबलेट.
• बारीक अक्षर न दिसणारे ज्येष्ठ : अक्षर मोठे करता येणारा ई-रीडर किंवा टॅबलेट. पण घेण्याआधी कुणाचा तरी हातात घेऊन पाहा, वजन आणि बटणे जमतात का ते कळेल.
• लहान मुले : छापील चित्रपुस्तके.

सेलची मुदत संपत आली म्हणून घाई करू नका. दहा पुस्तकांची यादी करायला अर्धा तास लागतो, पण सतरा हजार रुपये कुठे जावेत ते तीच यादी सांगते.